उघडा राहिलेला मुखवटा

"ही मशिनं आहेत कुठे?" मुखवट्यांचे उस्ताद, मायेस्त्रो सेराफिन आयाविरींनी विचारलं.

"क्लाऊडवर, मायेस्त्रो," विल्डर म्हणाला.

"ढगाबिगाच्या गोष्टी मला सांगू नकोस. मशीनला भिंत लागते, वीज लागते, दाराशी राखणदार लागतो. गाव कुठलं ते सांग."

"साओ पावलो. ब्राझील."

"बरं. आणि पैसे कोण भरतं?"

"माझ्या बहिणीचं कार्ड आहे. देइसीचं. आपल्या बँकांची कार्डं बाहेर चालत नाहीत हल्ली, डॉलरच नाहीत ना कुणाकडे..."

"बहीण असते कुठे?"

विल्डरच्या शेजारी बसलेल्या एलियानानेच सांगून टाकलं, "आरिकाला, मायेस्त्रो."

"चिलीत!" म्हाताऱ्याने डोक्यावरची हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे माझ्या बापाचा मुखवटा ब्राझीलमध्ये आणि त्याची चावी चिलीत. वा रे वा! आणि आपण ओरुरोवाल्यांनी काय करायचं? आपलाच नाच टीव्हीवर बघायचा?"

नाचाच्या मंडळाच्या दिवाणखान्यात बसलेले दोघंतिघं कारागीर हसले, पण ते हसू मोकळं नव्हतं. दियाब्लादा, म्हणजे सैतानांचा नाच, आमचा की सीमेपलीकडच्यांचा, या भांडणापायी ओरुरो शहरात ठरलेली लग्नं मोडली आहेत. मंडळाच्या अध्यक्षा निएवेसबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एलियाना, मी तुलाच विचारते. मुखवटा चोरीला जाईल का?"

"मुखवटा तुमच्या कपाटात आहे, बाई. तिकडे जाते ती त्याची नक्कल."

"तेच तर म्हणतोय मी," सेराफिन म्हणाले. "चोराला नक्कलच तर लागते."

येत्या कार्निव्हलच्या आधी दाखवायला मंडळाला एक छोटी ॲनिमेशन फिल्म हवी होती. मंडळाचा सगळ्यात जुना मुखवटा त्यात जिवंत होऊन खाणीतून वर येतो, अशी ती गोष्ट. हा मुखवटा सेराफिनच्या वडिलांनी, निकानोर आयाविरींनी केलेला. जुन्या फेल्ट हॅटवर प्लास्टर चढवून घडवलेला. डोळ्यांच्या जागी उडालेले विजेचे बल्ब, दातांच्या जागी आरशाचे तुकडे. सेराफिन लहान असताना घरावर अडचण आली आणि मुखवटा मंडळाला विकावा लागला. तेव्हापासून तो कार्निव्हलला काचेच्या पेटीतून मिरवायचा आणि उरलेलं वर्ष निएवेसबाईंच्या कपाटात कुलपात असायचा. ला पास रस्त्यावर स्वतःचं मुखवट्यांचं दुकान असलेल्या सेराफिनलाही बापाचं काम चार लोकांसारखं काचेबाहेरूनच बघावं लागे.

एलियाना चाल्यापा आणि विल्डर कोपा चित्रशाळेपासूनचे मित्र. एका भरतकामवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचा स्टुडिओ होता. त्यांनी मुखवटा आतून-बाहेरून स्कॅन केला, हलवून बघितला, सगळं झकास जमलं. अडलं ते दातांपाशी. आरशाच्या प्रत्येक तुकड्यात दुसरा तुकडा दिसतो, त्यात बल्ब दिसतो, बल्बात पुन्हा दात दिसतात. हा सगळा उजेड हिशोबाने बसवून चित्र पक्कं करायचं, म्हणजे रेंडर करायचं, तर स्टुडिओतली दोन मशिनं एका चित्रावर दुपारभर घरघरत बसत. या गतीने फिल्म पुढच्याच्या पुढच्या कार्निव्हललासुद्धा झाली नसती.

भाड्याने मशिनं मिळत होती, हवी तितकी. पण प्रत्येक मशीनवर रेंडरचं सॉफ्टवेअर चालवायला लायसन्स लागतं, आणि तेवढ्या सगळ्यांसाठी वर्षाची लायसन्सं घेणं मंडळाच्या कुवतीबाहेरचं होतं. विल्डरने शोधून काढलं की कंपनी आता वापराल तेवढंच लायसन्स देते. प्रोग्रॅम उघडला की मीटर चालू, प्रोग्रॅम बंद केला की मीटर बंद. घरच्या विजेसारखं.

ऐकायला सोपं, बसवायला कटकटीचं. भाड्याचं प्रत्येक मशीन सुरू होताच आधी कंपनीच्या दाराशी जाऊन परवानगी मागतं. ते दार कुठल्या पत्त्यावर, कोणत्या नावाने ठोठावायचं, हे आधीच पढवून ठेवावं लागतं. पहिल्या दिवशी सगळी मशिनं हात हलवत परत आली. दुसऱ्या दिवशी निम्म्यांना परवानगी मिळाली, उरलेली नुसती वाट बघत बसली. विल्डर वैतागून खाली जाऊन मक्याची गरम आपी पिऊन यायचा आणि पुन्हा भिडायचा. शेवटी एका दुपारी सगळ्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका आला, आणि पहिलं चित्र आलं, दातांसकट. एलियानाने टाळी वाजवली.

खात्याला एक जबाबदार नाव लागत होतं. विल्डर म्हणाला, "तुझं टाकूया का? स्टुडिओ तुझ्या नावावर आहे."

"नको. तुझंच टाक," एलियाना म्हणाली.

तिच्या या 'नको'ला कारण होतं. ला पासमधल्या एका जाहिरात कंपनीत असताना तिची चित्रं दुसऱ्याच्या नावाने बक्षीस घेऊन आली होती, आणि वर कामात चूक निघाली तेव्हा सही तिची म्हणून जबाबदारी मात्र तिच्यावर आली होती. तेव्हापासून ती दुकानदाराने दिलेली सुट्टी नाणीसुद्धा उजेडात धरून बघायची. विल्डर तिला चिडवायचा, "तू आरशातल्या एलियानाचंही ओळखपत्र मागशील."

मंडळाने अखेर होकार दिला, पण अटीवर: मुखवट्याचं स्कॅन या दोघांखेरीज कोणी उघडायचं नाही. सेराफिनने तर भर रस्त्यात जाहीर केलं, "त्या मशीनमध्ये जो डोकावेल, त्याने बाप विकला असं मी समजेन." इतर कारागिरांनी माना डोलावल्या.

काही आठवडे काम सुरळीत चाललं. मग देइसीचा आरिकाहून फोन आला. विल्डरला नाही, एलियानाला.

"एली, तुम्ही रविवारीपण काम करता का गं?"

"नाही. का?"

"बँकेचे मेसेज थांबतच नाहीत. रविवार नाही, रात्र नाही, काहीतरी आपलं चालूच असतं."

"विल्डरला विचारलंस?"

"विचारलं. बघतो म्हणाला. माझा भाऊ आहे, एली. तो 'बघतो' म्हणतो ना, तेव्हा त्याने बघितलेलं असतं."

फोन ठेवल्यावर एलियानाने खातं उघडलं. रेंडरची मशिनं ठरल्याप्रमाणे काम संपलं की बंद होत होती. चालू राहत होतं ते एकच, मुखवटा उघडून फिरवून बघायचं मशीन. स्कॅन इतकं जड होतं की स्टुडिओतल्या मशीनवर ते उघडतच नसे. म्हणून विल्डरने बघण्यासाठी वेगळं भाड्याचं मशीन लावलं होतं. त्यावरही तेच लायसन्स, तेच मीटर. ते रविवारी सकाळी उघडलं होतं आणि सोमवारी उजाडेपर्यंत उघडंच होतं. विल्डरच्या नावाने.

तिने त्याला सरळ विचारलं नाही. संध्याकाळी टेबल आवरताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, "रविवारी काय केलंस?"

"काही नाही. झोपलो."

"मुखवटा उघडला होतास का?"

तो केबल गुंडाळत होता, गुंडाळतच राहिला. "हां... घरून जरा बघितला. दातांचं काहीतरी खटकत होतं."

"घरून?"

"हो, घरूनच."

मुखवटा घरून उघडलेला नव्हता. उघडलेला होता तो स्टुडिओच्याच इंटरनेटवरून, हे एलियानाने आधीच बघून ठेवलं होतं. मग हा खोटं का बोलतोय? त्या दिवसापासून ती त्याच्याकडे कडेकडेने बघू लागली. त्याचा फोन वाजला की तो उठून जिन्यात जायचा. पूर्वीही जायचा, पण पूर्वी तिचं लक्ष नसायचं. एकदा तो जिन्यात हळू आवाजात म्हणाला, "या रविवारी पण या, चालेल. पण तिला कळू देऊ नका." कोण येणार होतं? पेरूतल्या पुनोचा कोणी मुखवटेवाला? आरिकाचा? स्कॅन हातात आलं की हुबेहूब साचा बनवायला कितीसा वेळ लागतो!

ती निएवेसबाईंकडे गेली. "मला अजून खात्री नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणाली. "पण तुम्हाला ठाऊक असलेलं बरं."

निएवेसबाईंनी तिला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि कोणाला सांगणार नाही असंही म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांनी विल्डरला मंडळात बोलावून घेतलं. एलियाना पोचली तेव्हा सगळे कारागीर भिंतीला टेकून बसले होते. मायेस्त्रो सेराफिनही होते.

"रविवारी तुझ्या नावाने मुखवटा उघडला जातो," निएवेसबाई म्हणाल्या. "दिवसभर, रात्रभर. कशासाठी?"

विल्डरने आधी एलियानाकडे बघितलं. "तू सांगितलंस?"

ती निएवेसबाईंकडे बघू लागली.

"कोणाला विकलास रे?" एक कारागीर ओरडला. "चिलीवाल्यांना की पुनोवाल्यांना? बहिणीनेच गिऱ्हाईक आणलं असेल!"

"मी काही विकलेलं नाही."

"मग रविवारी कोण असतं तिथे?"

विल्डरने सगळ्यांवरून नजर फिरवली. मायेस्त्रोंपाशी ती जरा रेंगाळली. एलियानाला वाटलं, म्हाताऱ्याकडे दया मागतोय. सेराफिन हॅटची फीत बोटांनी सरळ करत बसले होते.

"ते मी सांगणार नाही," विल्डर म्हणाला.

त्याने खिशातून स्टुडिओची चावी काढून निएवेसबाईंच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला. त्याच आठवड्यात तो कोचाबाम्बाला एका मित्राच्या स्टुडिओत लागला, असं कळलं.

एलियानाने काम पुढे चालवलं. पासवर्ड बदलता येत नव्हता, नाव काढता येत नव्हतं. सगळी लायसन्सं विल्डरच्या नावावर बांधलेली, ते नाव पुसलं की सगळी मशिनं पुन्हा दाराशी ताटकळली असती. म्हणून ते तसंच ठेवलं आणि बघण्याचं मशीन तेवढं हाताने बंद केलं. आता सकाळी आल्या आल्या ती नवी चित्रं बघायची सोडून आधी मशिनांची यादी बघे.

रविवारी ते मशीन पुन्हा उघडलं. विल्डरच्याच नावाने.

तिने लगेच त्याला फोन लावला. "लाज नाही वाटत? अजून उघडतोस?"

"मी? मी कोचाबाम्बात आहे, एली. आत्ता मित्राच्या मुलीच्या वाढदिवसाचा केक कापतोय."

"नाव तुझं आहे."

"नाव माझं आहे, कारण तूच म्हणालीस तुझं नको म्हणून." मागे पोरांचा गोंगाट होता; तो बहुधा खोलीबाहेर आला, कारण गोंगाट कमी झाला. "ते मशीन अजूनही रात्रभर चालू राहतं?"

"मला काय विचारतोस! तुला माहीत नाही?"

"नाही. अजूनही चालू राहतं हे मला माहीत नव्हतं," तो सावकाश म्हणाला. "एली, मी शब्द दिलाय, मला बोलता येणार नाही. आपल्याच घरात बघ."

आपल्याच घरात म्हणजे? ती धमकी होती की सूचना, हेच तिला कळेना. खालच्या भरतकामवाल्याकडे तिसरी चावी असेल का? निएवेसबाईच तर नाहीत? चावी त्यांच्याच टेबलावर पडली होती. तिने कुलूप बदलायचं ठरवलं, माणसाला बोलावलंही, आणि मग परत पाठवलं. कुलूप बदललं असतं तर चोर यायचा थांबला असता, सापडला नसता.

मृतांचा सण आला. एक नोव्हेंबरला दुपारी बाराला मेलेले घरी येतात, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्यांना निरोप द्यायचा. निरोपाच्या दिवशी एलियाना आईबरोबर कब्रस्तानात वडिलांच्या थडग्यापाशी बसली होती. सगळं शहर तिथे लोटलेलं. बँडवाले एका थडग्यावरून दुसऱ्याकडे पळत होते, आया मेलेल्यांच्या नावाने केलेले बाळाच्या आकाराचे पाव वाटत होत्या. तिने आईची नजर चुकवून फोन बघितला.

"मेलेल्यांसमोर तरी ते ठेव," आई म्हणाली.

"आई, मी आलेच."

"अगं, बापाला निरोप द्यायचाय!"

"तूच दे. त्यांना म्हणावं, मला समजून घ्या."

बघण्याचं मशीन नुकतंच उघडलं होतं. स्टुडिओतून.

रस्ते ओस पडले होते, वारा धूळ उडवत होता. भरतकामवाल्याचं दुकान बंद. ती जिना चढली तेव्हा वरचं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि आतून बडीशेप घातलेल्या पावाचा, कोकाच्या पानांचा वास येत होता. तिने खालून येताना एक लोखंडी गज उचलला होता. दार ढकललं.

मायेस्त्रो सेराफिन विल्डरच्या खुर्चीत बसले होते, हॅट मांडीवर. समोर स्क्रीनवर मुखवटा होता, पण बाहेरून दिसतो तसा नाही, आतून. ते मुखवट्याच्या पोटात शिरले होते. फेल्टवर थापलेल्या प्लास्टरवर बोटांचे ठसे दिसत होते, शेजारी शेजारी, घाईघाईने दाबलेले. स्क्रीनपुढे टेबलावर काळं कापड पसरलं होतं. त्यावर बाळाच्या आकाराचा पाव, कोकाची पानं, फळं आणि सिंगानी दारूचा छोटा पेला.

त्यांनी मागे वळून बघितलं. आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग हातातल्या गजाकडे.

"बारा वाजले का?" त्यांनी विचारलं.

"वाजतील आता."

"मग जरा थांब. म्हातारा अजून गेला नाहीये."

ती दारातच उभी राहिली. लांब कुठेतरी घंटा वाजल्या. सेराफिनने पेल्यातले चार थेंब जमिनीवर शिंपडले, उरलेलं पिऊन टाकलं आणि डोळे पुसले.

"बापाच्या थडग्यात बाप नाही," ते म्हणाले. "खाणीचा भाग खचला तेव्हा ते जुनं कब्रस्तान हलवलं, हाडं कोणाची कुठे गेली देवाला ठाऊक. हे बघ, हा अंगठा. डावा. त्याचं नख फुटलेलं होतं, दिसतंय? हे मला काचेबाहेरून कधी दिसलं नसतं."

"विल्डरने दाखवलं?"

"मीच त्याच्या मागे लागलो. एके दिवशी मी भांडायला आलो होतो इथे. हा पोरगा म्हणाला, एकदा आतून बघा आणि मग भांडा." त्यांनी नाक ओढलं. "मग मला दुसरी चावी करून दिली. कोणाला सांगणार नाही म्हणाला. मी रस्त्यात एवढी बडबड करून ठेवलेली, त्या लोकांना काय तोंड दाखवणार होतो?"

"आणि मंडळात? तुमच्यासमोर त्याला चोर म्हणाले ते!"

"मला वाटलं, माझ्याखेरीज आणखी कोणी रात्री येऊन बसत असेल. बाई म्हणाल्या, रात्रभर. मी काय रात्रभर बसत नाही. अंधार पडायच्या आत मी हे बंद करून घरी जातो."

"कसं बंद करता?"

त्यांनी पुढे वाकून स्क्रीनच्या कडेचं बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली.

एलियानाने गज भिंतीला टेकवला आणि खाली बसली. विल्डरने बंद करायचं नीट शिकवलं असणार, दोनदा शिकवलं असणार. "मायेस्त्रो, याने फक्त तुम्हाला दिसायचं थांबतं. तिकडे ब्राझीलमध्ये मुखवटा उघडाच राहतो. मीटर चालू राहतं."

"ते माहीत आहे मला."

"काय?"

"पोरगा म्हणाला होता, पूर्ण बंद करायचं तर ते दुसरं दाबा. मी नाही दाबलं. मीटरबिटरचं नव्हता बोलला, मुखवटा उघडा राहतो एवढं म्हणाला. म्हटलं, राहू दे. आपण उघडा ठेवला तर दुसऱ्या कोणाला उघडता येणार नाही. चिलीवाला आला तर त्याला दिसेल, इथे कोणीतरी बसलंय." ते तिच्याकडे बघत राहिले. "राखण करत होतो मी."

तिने मीटर म्हणजे काय ते समजावून सांगितलं: प्रोग्रॅम उघडा असेतो मोजणी होते, कोण बघतंय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि कोणाच्या नावाने उघडलं ते तेवढं लिहिलं जातं. सेराफिनने सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा हळूहळू आवळत गेला.

"म्हणजे मी इथे बसलोय हे त्याला कळत होतं?"

"कोणीतरी बसलंय एवढं."

"आणि ते त्या आरिकावालीला सांगत होतं?"

"तिच्या बँकेला."

"पहिल्या रविवारपासून?"

"हो."

"हूं." त्यांनी कोकाची पानं गोळा करून पिशवीत भरली. "आणि तुम्ही म्हणता हे नुसतं चित्र काढायचं यंत्र आहे."

दाराशी जाऊन ते थांबले. "बाईंना तू सांगणार का?"

"सांगावं लागेल, मायेस्त्रो. विल्डरसाठी."

"तू नको. तुझ्या तोंडून ऐकलं तर म्हणतील पोरीने पोराला वाचवायला म्हाताऱ्याला पुढे केलं. मीच सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. पुढच्या बैठकीत उभे राहून, कोणाकडेही न बघता. "ते हात माझे होते. पोरगा गप्प बसला माझ्यासाठी. पण एवढं लक्षात ठेवा, त्यात बघणाऱ्याचीही मोजणी होते. ते काही चांगलं नाही." मग बसले.

निएवेसबाईंनी विल्डरची माफी मागायचा ठराव केला. पण ला पास रस्ता ठरावावर चालत नाही. कोणी म्हणालं, आरिकावाल्यांनी म्हाताऱ्याला गप्प केलं. कोणी म्हणालं, म्हातारा स्वतःच मुखवट्याचा साचा बनवतोय, बघाल पुढच्या वर्षी. काही जणांनी त्यांच्या दुकानात जाऊन फडताळामागे डोकावूनही बघितलं. एलियानाला एका बाईने भाजीच्या रांगेत विचारलं, "खरं सांग, किती दिले त्यांनी तुला?" काही दिवसांपूर्वी असा प्रश्न तिनेच विचारला असता.

ती बसने कोचाबाम्बाला गेली. पठारावरून खाली उतरल्यावर ऊन अंगाला लागलं, तिने स्वेटर काढून हातात घेतला. विल्डर स्टुडिओबाहेर सालतेन्या, म्हणजे रस्सा भरलेल्या करंज्या, विकणाऱ्या गाडीपाशी उभा होता. त्याने तिच्यासाठीही एक घेतली.

"सांडू नकोस, रस्सा गरम आहे," तो म्हणाला.

"मायेस्त्रोंनी सांगितलं सगळ्यांना."

"देइसीने कळवलं मला. निएवेसबाईंनी तिला फोन केला होता, चिलीत! विचार कर."

"तू मला सांगू शकला असतास, विल्डर. मला एकटीला."

"आणि तू निएवेसबाईंना सांगितलं असतंस."

ते खरं होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "पण तू घरून उघडला म्हणालास. खोटं बोललास."

"बोललो."

"मग मी काय समजायचं?"

"मी विल्डर आहे असं समजायचं," तो म्हणाला. आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. त्याने कागदी रुमालाने बोटं पुसली, एकेक करून. "फिल्म किती राहिली?"

"खाणीतून वर येतो तो भाग सगळा. परवानगीचा पत्ता कंपनीने बदललाय, निम्मी मशिनं दाराशी उभी आहेत. मला जमत नाहीये."

"येतो मी. पण माझी अट आहे."

"सांग."

"खातं दोघांच्या नावाने. मी काय उघडलं ते तुला दिसेल, तू काय उघडलंस ते मला. प्रोग्रॅमसमोर कोणी नसेल तर मशीन आपोआप बंद होईल, तेही मी बसवणार. आणि मंडळाने काही विचारलं तर दोघांनी मिळून जायचं. तू एकटीने नाही."

"ठीक आहे," ती म्हणाली. तिला वाटलं होतं तो चिडेल, नाही म्हणेल, किंवा हसून सोडून देईल. अट घालेल असं वाटलं नव्हतं.

तो परत आला. त्याने आल्या आल्या नवीन पत्ता बसवला, मशिनं एकामागून एक आत गेली. फिल्म वेळेत झाली आणि कार्निव्हलच्या आधी मंडळाच्या अंगणात दाखवली गेली. मुखवटा अंधारातून वर आला, आरशांचे दात चमकले, पोरं किंचाळली. आतली बाजू फिल्ममध्ये नव्हती. ती घ्यायची नाही असं एलियाना आणि विल्डरने न बोलताच ठरवलं होतं. सेराफिन पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. शेवटी बाकीचे टाळ्या वाजवत असताना ते मागे वळून प्रोजेक्टर कोणाच्या ताब्यात आहे ते बघत होते.

स्टुडिओत पुढचं काम आलं, त्यानंतरचंही. दोघं पूर्वीसारखेच समोरासमोर बसतात. फरक एकच: मशीन चालू करायच्या आधी विल्डर दर वेळी मोठ्याने सांगतो, "मी उघडतोय." संपलं की, "बंद केलं."

पहिले काही दिवस एलियानाने ऐकून घेतलं. मग एकदा न राहवून म्हणाली, "दर वेळी सांगायची काही गरज नाही रे."

"आहे," विल्डर म्हणाला आणि काम करू लागला.